खंडेनवमीची लाल रेघ

सातवीण फुलली की मी घराच्या खिडक्या लावून घेतो. आमच्या सेक्टरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हीच झाडं. वर्षभर ती कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. पावसाळा सरतो, आकाश पांढरंफटक होतं, खाडीकडून येणारा वारा थांबतो आणि मग एका संध्याकाळी अख्खा सेक्टर त्या वासाने भरून जातो. गोड म्हणावा तर गोड, पण थोड्या वेळाने घशात बसणारा. सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटतं की त्याने माझं डोकं दुखतं. आठ वर्षं मी तिला तसं वाटू दिलं.

खरं असं आहे की त्या वासाखाली मला दुसरा एक वास येतो. नेलपॉलिश पुसायच्या द्रवाचा. तो कुठून येतो हे मला ठाऊक आहे, आणि आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा सातवीण फुलली त्याच आठवड्यात दिगूचा फोन आला. दिगू माझा जुना मित्र, मूळचा पावणे गावचा. गाव कारखान्यांच्या मधोमध राहिलं, भातशेती गेली, त्या जागेवर त्याच्या बापाने दोन गाळे काढले. एक भाड्याने आहे आणि दुसऱ्यात दिगूची गाडी. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मागची सीट काढलेली, आतलं कार्पेट खरवडलेलं, छताखाली लोखंडी पिंजरा बसवलेली जुनी हॅचबॅक. वर्षातून दोन-तीनदा ट्रेलरवर चढवून ती दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर न्यायची आणि जीव जाईस्तोवर पळवायची. पहिल्या गाडीचा जीव खरोखरच गेला. ही दुसरी.

"इन्स्पेक्टर, कूलर आलाय," दिगू म्हणाला. "बघायला ये. आणि येताना ती बाटली आण."

"कुठली बाटली?"

"तुझी लाल. रेघा कोण मारणार मग?"

तो हसला. फोन ठेवल्यावर मी ते हसणं उलटंपालटं करून बघत बसलो. आठ वर्षांत त्याने बाटलीचं नाव काढलं नव्हतं. आज का काढलं? त्याला कुणी काही सांगितलं का? की नुसताच बोलला? सुजाताने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "कोणाचा फोन?" मला वाटलं, ही का विचारतेय?

संशयावरच मी जगतो. महाप्याच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं मी तपासणी खात्यात आहे. समोर आलेली वस्तू चांगली आहे असं आधी मानायचंच नाही, हे माझं काम. दिगूने मला 'इन्स्पेक्टर' हे नाव दिलं ते यावरूनच. त्याच्या गाळ्यात मी रविवारी फुकट राबायचो, कारण तिथे माझ्या खोडीला किंमत होती. आणि तिथे हरीदादा होते.

हरीदादा उरणकडचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. बोटीच्या इंजिनांवर हात बसलेला माणूस. ते मला 'साहेब' म्हणायचे आणि त्याच वाक्यात अरेतुरेही करायचे. दोन्ही मनापासून. इंजिनाला कान न लावता, नुसता हात लावून सांगायचे, "याला ताप हाय."

आठ वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात पहिल्या गाडीला ताप खरोखरच होता. पावसाळ्याआधी ट्रॅकवर चार फेऱ्यांत तेलाचा काटा एकशे चाळीस अंशांच्या पुढे जायचा. पाण्याला थंड करायला रेडिएटर असतो, पण इंजिनाच्या आत फिरणाऱ्या तेलाचं कुणी बघत नाही. ते तापून पाण्यासारखं पातळ झालं की लोखंडावर लोखंड घासतं. तेव्हा तेलाला स्वतःचा छोटा रेडिएटर द्यायचा, ऑइल कूलर, असं ठरलं. ठरायला पंधरा मिनिटं लागली. कुठला घ्यायचा यात तीन आठवडे गेले.

ते तीन आठवडे मला आजही सुखाचे वाटतात, हे लिहिताना लाज वाटते. दुपारी पत्रा तापून टकटक वाजायचा. बाजूच्या कारखान्यातून कधी व्हिनेगरसारखा, कधी जळक्या साखरेसारखा वास यायचा, आणि आम्ही तिघं एका पाटीएवढ्या वस्तूवरून भांडायचो. दिगूला एकोणीस पट्ट्यांचा मोठा कूलर हवा होता. हरीदादा तेरावर अडून बसले.

"मोठा लावशील तर निम्मा रेडिएटर झाकशील. तेल थंड, पानी उकलतंय. काय फायदा?"

"मोठा म्हणजे जास्त थंड, दादा."

"जास्त थंड पन वाईटच. थंड तेल जाड व्हतंय, फिरायला मागत नाय. कालवन थिजलं तर जेवशील काय?"

मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही. बाजारातून आणलेले दोन्ही कूलर वजन करून पाहिले. खोका अस्सल आणि आतला माल नकली, हे मी नोकरीत इतकं पाहिलंय की अस्सल खोका दिसला की उलट जास्त शंका येते. तोंडं बंद करून हवा भरली, बादलीत बुडवले, बुडबुडे शोधले. डिझेल ओतून हलवले आणि ते डिझेल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. एकोणीसवाल्यातून केसाएवढी चमकती धातूची ढलपी निघाली. ती इंजिनात गेली असती तर संपलंच. मी फडकं दिगूपुढे धरलं. हरीदादांनी तेराचा खोका नुसता पायाने पुढे सरकवला.

बसवतानाही तसंच. रेडिएटरच्या थेट पुढे नको, डाव्या बाजूला, जिथे धुक्याचा दिवा होता त्या भोकामागे. पुढून वारा आत यावा म्हणून पत्र्याचं नरसाळं. दोन्ही तोंडं वर, म्हणजे आत हवा अडकणार नाही. खाली-वर रबर, म्हणजे हादऱ्याने चीर पडणार नाही. तेल थंड असताना कूलरला वळसा घालून जाईल असा एक झडपेचा तुकडा फिल्टरखाली. आणि तेल नेणाऱ्या-आणणाऱ्या दोन जाड नळ्या, सायलेन्सरपासून लांब, चाकापासून लांब.

आता रेघेबद्दल. ही पद्धत त्या गाळ्यात मीच आणली. नट एकाने कसायचा, दुसऱ्याने पाना लावून पाहायचा आणि मग नटावरून खालच्या भागावर उतरणारी एक सरळ रेघ मारायची. नट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते. कारखान्यात त्यासाठी वेगळा रंग मिळतो. गाळ्यात मी सुजाताची लाल नेलपॉलिश नेली. ("लग्नात घेतलेली होती," ती म्हणाली होती. "पंधरा वर्षांत मी लावली नाही, निदान गाडीला तरी लागू दे.") रेघ चुकली तर पुसायला तिचीच पुसायची बाटलीही नेली. आणि नियम केला: रेघ दिसली की त्या नटाला पुन्हा पाना लावायचा नाही. कूलरचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, कसलेलंच पुन्हापुन्हा कसलं की झिजतात. रेघ म्हणजे शब्द. विचारायचं नाही, तपासायचं नाही.

हरीदादांना आधी गंमत वाटली. मग त्यांना ती पद्धत माझ्यापेक्षा जास्त आवडली.

खंडेनवमीचा दिवस. दुसऱ्या दिवशी दसरा, दसऱ्याला संध्याकाळी गाडी ट्रेलरवर चढणार. काम जवळजवळ झालेलं. वरची नळी कूलरला लावून हरीदादांनी नट हाताने फिरवला होता. नळीचा कोन थोडा वळवून मग पान्याने कसायचा होता. तेवढ्यात दिगूची आई पूजेचं ताट घेऊन आली. ठरल्या वेळेच्या दोन तास आधी.

"पाने द्या रे सगले," ती म्हणाली. "मना नंतर देवीला जायचंय."

पाने, हातोडे, पक्कड, सगळं पुसून पाटावर गेलं. हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूची फुलं पडली. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे त्या घरात फार कडक. तिच्यापुढे दिगूचंही चालायचं नाही. हरीदादांनी हात पुसले आणि जाताना मला स्पष्ट सांगितलं, "साहेब, वरचा नट हातानच फिरवलाय. उद्या पाने उचलले का कसतो."

मी "हो" म्हणालो. ऐकलं होतं, समजलंही होतं.

मग तासभर मी गाडीपाशी एकटाच बसलो. करायला काही नव्हतं. हातात बाटली होती. खालच्या नळीचे आणि फिल्टरकडचे नट सकाळीच कसून, तपासून झाले होते, फक्त रेघा राहिल्या होत्या. मी त्या मारल्या. लाल, बारीक, एका रांगेत, अगदी देखण्या. गाडीलाही पूजेचं कुंकू लागलेलं, दिगू येऊन फोटो काढणार होता. रांगेत एकच नट उघडाबोडका दिसत होता. उद्या कसायचाच आहे, असा विचार करून मी त्यावरही रेघ मारली.

एवढंच केलं मी. यात वाईट हेतू नव्हता, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्या वाक्याचाही मला संशय येतो. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या सहीवर शंका घेणारा माणूस स्वतःच्या हातावर मात्र एवढा निर्धास्त कसा?

सकाळी मला उशीर झाला. हरीदादा माझ्या आधी आले, पाने उचलले, वाकून पाहिलं. रेघ होती. साहेबाने सकाळी लवकर येऊन कसला असणार, असं त्यांनी धरलं. नियमाप्रमाणे पाना लावला नाही, विचारलंही नाही. मी आलो तेव्हा ते हात धूत होते. त्यांनी कसला असणार, असं मी धरलं. खाली वर्तमानपत्र पसरून आम्ही अर्धा तास इंजिन चालवलं. एक थेंब पडला नाही. दिगूने सोनं म्हणून आपट्याची पानं आमच्या हातात दिली.

ट्रॅकवर दोन सत्रं उत्तम गेली. काटा एकशे दहाच्या वर जाईना. तिसऱ्या सत्रात डावीकडच्या वळणावर नळी निसटली. तेल चाकाखाली आलं, गाडी गरकन फिरली आणि टायरच्या भिंतीवर आडवी आदळली. दिगू स्वतःच्या पायांनी बाहेर आला, डावं मनगट उजव्या हातात धरून. हरीदादा त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. गाडी ओढून आणली आणि शेडमध्ये मी आणि ती दोघंच उरलो.

मी बॅटरी लावून पाहिलं. पुढचा सगळा भाग तेलाने माखलेला. नळी लोंबत होती. तिच्या नटावर लाल रेघेचा एक तुकडा होता, कूलरच्या तोंडावर दुसरा. मी पिशवीतून पुसायची बाटली काढली. कापसाचा बोळा घेतला. आधी तेल पुसलं, मग रेघ. दोन्ही तुकडे. अर्धं मिनिटही लागलं नाही. बोळा पिशवीत टाकला आणि बाटलीला झाकण लावलं.

संध्याकाळी दिगू मनगटाला प्लास्टर घालून परत आला. गाडीपाशी वाकून म्हणाला, "बाकी सगळ्यांना रेघ हाय. यालाच नाय."

"व्हती," हरीदादा म्हणाले. "सकाली मी बघली."

"दादा, पाने उचलल्यावर तुम्हीच कसणार होता ना?"

"रेघ बघली म्हनून सोडला."

दिगूने माझ्याकडे पाहिलं. "मारली होतीस तू?"

"आठवत नाही," मी म्हणालो. आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलेलं नसताना, "बहुतेक नसेल मारली."

हरीदादा पुन्हा वाकले. खिशातून फडकं काढलं, पण काही पुसलं नाही. बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग सरळ झाले आणि फडकं पुन्हा खिशात घातलं. परतीच्या वाटेवर ट्रेलरच्या केबिनमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. दिवाळीनंतर ते गाळ्यावर आले नाहीत. त्यांच्याबद्दल दिगू एकदाच म्हणाला, "चूक झाली ते ठीक हाय रे. पण खोटं कशाला बोलायचं?" मी मान हलवली.

त्यानंतर संशय माझ्या नोकरीतून उठून घरात राहायला आला. दिगू दर खंडेनवमीला बोलवायचा आणि दर वेळी वाटायचं, हा चाचपतोय. सुजाताने एकदा विचारलं, "माझी लाल बाटली कुठेय?" तर मी तिच्यावर ओरडलो. बाजारात हरीदादांसारखी पाठ दिसली की मी गल्ली बदलायचो. त्यांना ठाऊक आहे का? असेल तर बोलले का नाहीत? नसेल तर त्या नटाकडे तसे का पाहत होते? ज्याने चोरी केलेली असते त्यालाच सगळी कुलपं वाजताना ऐकू येतात.

दिगूच्या फोननंतर दोन दिवस मी बाटली शोधत असल्याचं सोंग केलं. तिसऱ्या दिवशी रजा टाकली आणि उरणला गेलो.

हरीदादा आता कंटेनरच्या एका यार्डात आहेत. मासे नेणारे थंड कंटेनर असतात, त्यांची यंत्रं बघतात. आजूबाजूला कंटेनरच्या भिंती उभ्या आणि दुपारच्या उन्हात त्या सगळ्यांच्या गरम झळा. साठी ओलांडली तरी हात तसेच. मला पाहून त्यांनी बसायला एक डबा उलटा करून दिला.

मी सगळं सांगितलं. नट, रेघ, बोळा. वर लिहिलंय तेवढंच, याच क्रमाने. ते एका पंख्याचा स्क्रू फिरवत होते, तो फिरवायचे थांबले नाहीत.

"मना म्हाईत व्हतं," ते म्हणाले.

"कसं?"

"आख्खी गाडी तेलान माखलेली. त्यो एकच नट सोच्छ. पूजेला ठेवल्यासारखा."

मी डब्यावर पुढे सरकून बसलो. मग विचारलं, "तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून." त्यांनी स्क्रू खिशात टाकला. "ट्रेलरमदी तू बाजूलाच व्हतास. पुन्यापावत वाट बघली तुजी. मंग नाय बघली."

यार्डात कुठेतरी क्रेनचा भोंगा वाजत होता. मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर पाठीवर हात ठेवतील. दोन्हींची तयारी करून गेलो होतो.

"दिगूला बोललास?"

"नाही. आधी तुमच्याकडे आलो."

"मना म्हाईतच हाय साहेब. ज्याला नाय म्हाईत त्याला सांग ना."

ते उठले आणि पुढच्या कंटेनरकडे गेले. परत येताना मला कळलं की मी सोपं घर आधी गाठलं होतं.

काल खंडेनवमी होती. दिगूची आई दोन वर्षांपूर्वी गेली, आता पूजा तो स्वतः करतो. मी पोचलो तेव्हा पाट मांडून, हळदकुंकू लावून झालं होतं. नवा कूलर टेबलावर, खोक्यातच. तेरा पट्ट्यांचा.

"बाटली आणलीस?" त्याने विचारलं.

मी बाटली टेबलावर ठेवली. आतलं वाळून गोळा झालं होतं. मग उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर वाक्यं लांबली असती.

दिगू ऐकताना डावं मनगट चोळत होता. ते अजून पुरतं वळत नाही. माझं संपल्यावर त्याने त्या मनगटाकडे पाहिलं आणि हात खाली सोडला.

"हे जाऊ दे," तो म्हणाला. "आईच्या बाराव्याला हरीदादा आला होता. उरणवरून, उन्हातनं. मी त्याला पाणी नाय विचारलं. दारात उभा राहिला, हात जोडले आणि गेला. मी बोललो, बरं झालं, खोटारडा गेला."

बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होता.

"मला तुझा कधी संशय नाय आला रे," दिगू म्हणाला. "एकदा पण नाय."

आठ वर्षं मी जे चाचपणं समजत होतो ते नुसतं बोलावणं होतं.

मग तो पाटाकडे गेला. वाकून, फुलं बाजूला न सांडता, त्याने एक जुना मोठा पाना उचलला. मुठीकडे सुतळी गुंडाळलेला. मी ओळखला. बोटीवर निसटू नये म्हणून ती सुतळी असायची. हरीदादा तो गाळ्यातच सोडून गेले होते.

"आज उचलायचा नसतो," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. दर वर्षी आई पूजायची, आता मी. त्याच्यावर राग होता तरी पाना बाहेर नाय काढला." त्याने तो माझ्या हातात दिला. "नेऊन दे त्याला. सांग, दिगूला कळलं. तो आला तर कूलर बसेल. नाय आला तर खोक्यातच राहील."

"तू येतोस?"

"तू दे आधी. मी त्याच्या दारात मागून येतो. मला माझं वेगळं बोलायचंय."

बाटलीकडे त्याने पाहिलंही नाही.

पाना शेजारच्या सीटवर ठेवून मी निघालो. खाडीपुलावर ऊन सरळ काचेतून आत येत होतं आणि कुठूनतरी, कुठलीही खिडकी बंद नसल्यामुळे, सातवीण आत येत होती. तिच्याखाली दुसरा वास आहे का हे मी हुंगून पाहिलं. होता. ब्रेक लागला की पाना सरकायचा, मी हाताने धरायचो. उरणला पोचेपर्यंत हळद सीटला, गिअरला आणि माझ्या तळव्याला लागली होती. हरीदादा पाना घेतील की नाही, मला ठाऊक नव्हतं.

यार्डाच्या फाटकाशी गाडी लावली. खिशात रुमाल होता. तो काढला नाही, तसाच पिवळा हात घेऊन आत गेलो.